वॉशिंग्टनकर नक्की कोण?

उंबरठा
मागच्या दिवाळीत पुण्याहून चुलतभावाने फराळाचा खोका पाठवला. पत्त्यात घर नंबर, रस्ता आणि वॉशिंग्टन एवढंच. पोस्टकोड गाळला, आणि देशाच्या रकान्यात कुरिअरच्या दुकानातल्या पोराने स्वतःच्या अकलेने अमेरिका भरलं. खोका अटलांटिक दोनदा ओलांडून माझ्या दारात आला तेव्हा संक्रांतही उलटून गेली होती. चकल्यांचा भुगा झाला होता. अनारशांविषयी न बोललेलं बरं.

तर, मी ज्या वॉशिंग्टनमध्ये तीन वर्षं राहतोय ते इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, वेअर नदीच्या जवळ आहे. एका बाजूला न्यूकॅसल, दुसऱ्या बाजूला संडरलंड. वस्ती 67 हजारांच्या आसपास. पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. 1964 साली सरकारने इथे नवं नगर वसवायला घेतलं आणि भागांना नावांऐवजी चक्क आकडे दिले. 1986 पासून शेजारी निसानचा मोटारींचा कारखाना आहे. पोस्टकोड न्यूकॅसलचा, महापालिका संडरलंडची. या दोन शहरांमधलं फुटबॉलचं वैर ज्यांना माहीत आहे त्यांना ही किती दुखरी नस आहे ते कळेल. अजूनही घरचा फोन आला की काकू विचारतातच, "व्हाइट हाऊस किती लांब रे तुझ्यापासून?"

थोरलं वॉशिंग्टन आमचं. अमेरिकेतली राजधानी, राज्य, तीसेक काउंट्या आणि गावं किती ते देव जाणे, हा सगळा त्याचा विस्तार. मधला दुवा आहे एक आडनाव. त्या आडनावाच्या मागे लागून गेले दोन महिने वाचत होतो, म्हणून हा धागा.

आधी अर्थ. 'वॉशिंग' दिसलं म्हणून धोबीघाट डोळ्यासमोर आणू नका. जुन्या इंग्रजीतली फोड अशी: ह्वासा नावाचा कोणी माणूस, त्याला जोडून 'इंग' म्हणजे त्याच्याशी निगडित, आणि शेवटी 'टून' म्हणजे वस्ती, मळा, जमीनजुमला. थोडक्यात ह्वासाची वाडी. हा ह्वासा कोण होता, शेतकरी की म्होरक्या, याचा कुठेच पत्ता नाही. गावाच्या नावातून काढलेला माणूस आहे तो. आमच्याकडची जुनी माणसं आजही 'वेशिंग्टन' म्हणतात. मला आधी वाटलं गावंढळ उच्चार असेल, पण मध्ययुगातल्या कागदांत 'वेसिंग्टन' असंच सापडतं.

आता आडनाव. 1086 साली विल्यम राजाने इंग्लंडची मोजणी केली ती सर्वांना माहीत आहे, पण त्या मोजणीत डरहॅमचा मुलूख नव्हता. इथे बिशपचं राज्य. बिशपने आपली मोजणी 1183 साली करून घेतली, ती 'बोल्डन बुक' म्हणून ओळखली जाते. वतनाच्या चोपड्यांसारखीच आहे: कोणत्या गावाने किती कोंबड्या द्यायच्या, किती अंडी, कोणी किती दिवस नांगर धरायचा. त्यात एक नोंद आहे. विल्यम द हर्टबर्न नावाच्या माणसाकडे वॉशिंग्टन गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन वगळून. ते त्याने हर्टबर्न गाव देऊन बदल्यात घेतलं, आणि त्याचे तो 4 पौंड भरतो. झालं! गावांची अदलाबदल झाली तशी आडनावाचीही झाली. कालपर्यंत 'हर्टबर्नकर' असलेला इसम 'वॉशिंग्टनकर' झाला. त्याच्या वंशजांनी पुढे तेच लावलं. हा सौदा फिसकटला असता तर अमेरिकेची राजधानी आज हर्टबर्न असती, आणि इंग्रजीत हार्टबर्न म्हणजे छातीत जळजळ!

जुन्या वाड्याची जागा आजही आहे, ओल्ड हॉल म्हणतात. दिसणारी इमारत बहुतेक सतराव्या शतकातली, पण आत गेलं की स्वयंपाकघर आणि मोठ्या दिवाणखान्याच्या मध्ये दोन दगडी कमानी लागतात, त्या आधीच्या घराच्या. पिवळट वालुकाश्म. बोट फिरवलं तर कण सुटून बोटाला लागतात. (तिथल्या बाईंनी डोळे वटारले, म्हणून पुन्हा फिरवलं नाही.) एकोणिसाव्या शतकात या हॉलची चाळ झाली होती, खोली-खोलीत एकेक बिऱ्हाड. 1930 च्या दशकात पाडायचं ठरलं, तेव्हा फ्रेड हिल नावाच्या इथल्याच एका मास्तरांनी खटपट करून तो वाचवला. मे 1977 मध्ये जिमी कार्टर अध्यक्ष असताना इथे येऊन झाड लावून गेले.

पुढचा प्रवास पटकन सांगतो. एक शाखा लँकेशायरमध्ये गेली. तिथून लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी नॉर्थॅम्पटनला आला, तिथला मेयर झाला, आणि आठव्या हेन्रीने मठ मोडून जमिनी विकायला काढल्या तेव्हा 1539 साली त्याने सल्ग्रेव्हची जमीन घेतली. त्याच्या वंशातला आणखी एक लॉरेन्स एसेक्समध्ये पाद्री होता. यादवी युद्धात, 1643 साली, पार्लमेंटच्या लोकांनी त्याला हाकललं. ठपका काय, तर दारूच्या गुत्त्यात पडून असतो. घराची दशा झाली. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या जहाजावर अधिकारी म्हणून व्हर्जिनियाला गेला, 1656-57 च्या हिवाळ्यात. जहाज पोटोमॅक नदीत रुतलं आणि हे महाशय तिथेच राहिले. त्याचा पणतू जॉर्ज.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. अमेरिकेच्या 2000 सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची 1,63,036 माणसं होती. त्यातली सुमारे 90 टक्के कृष्णवर्णीय. 2010 मध्ये संख्या पावणेदोन लाखांवर गेली, प्रमाण 87 टक्क्यांच्या वर. अमेरिकेत सर्रास आढळणाऱ्या आडनावांत याच्याइतकं 'ब्लॅक' आडनाव दुसरं नाही. जेफरसन दुसरं, तिथे प्रमाण 75 टक्क्यांच्या आसपास.

ह्वासाची वाडी कधी न पाहिलेल्या, ज्यांचे पूर्वज साखळदंडात पश्चिम आफ्रिकेतून आणले गेले, त्या लोकांनी हे नाव आज जिवंत ठेवलंय. जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे थेट वंश नाहीच. हे कसं झालं यावर माझं एक मत आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

थंड_चहा
रुमाल टाकून ठेवतो. रात्री नीट वाचतो. अनारशांना श्रद्धांजली.

गावकूस
धागा आवडला. एक भर घालतो. 'टून'चा मूळ अर्थ कुंपण. जर्मनमध्ये 'त्साउन' म्हणजे आजही कुंपण, डचमध्ये 'टाउन' म्हणजे बाग, आणि इंग्रजीत वाढत वाढत ते शहर झालं. आता आपल्याकडे बघा. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यावरून वाडा, वाडी. दोन टोकांच्या भाषांनी वस्तीला नाव देताना आधी कुंपणच पाहिलं. तेव्हा तुम्ही 'ह्वासाची वाडी' म्हणालात ते नुसतं गमतीचं भाषांतर नाही, अगदी नेमकं आहे.

बाकीचे प्रत्ययही असेच. 'हॅम' म्हणजे घर-वस्ती, 'ली' म्हणजे जंगल तोडून केलेली मोकळी जागा, 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार, 'बी' आणि 'थॉर्प' हे डेन्मार्ककडच्या लोकांनी आणलेले. इंग्रज माणसाच्या आडनावाच्या शेवटी 'बी' दिसला तर त्या गावावर कधीतरी व्हायकिंग नांदले असं खुशाल समजावं.

फरक एकच. आपण 'कर' लावतो आणि तो लावलेला दिसतो. त्यांनी आधी फ्रेंच पद्धतीने 'द' लावला, पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकात तो गळून पडला. नुसतं गावच माणसाच्या अंगावर राहिलं. आपल्याकडे कोणी 'श्री. सातारा' म्हणून ओळख करून दिली तर कसं वाटेल?

चिंचगूळ
श्री. सातारा, हा हा. आणि सौ. कराड.

पण मला एक सांगा, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कसं पडेल? आमच्या गावात सगळेच त्या गावचे. तिथे कोणी कोणाला त्या नावाने हाक मारत नाही. आजोबा मुंबईला गिरणीत गेले तेव्हा हजेरीपटावर गावाचं नाव पडलं. म्हणजे आडनावात गाव आलं ते गाव सुटल्यावर.

उंबरठा
@चिंचगूळ, अगदी बरोबर. इंग्लंडातही साध्या माणसांचं असंच झालं. गाव सोडून शहरात आला की शेजारी विचारणार, कुठला हा? नॉर्टनचा. झाला नॉर्टन. पण दुसरी वाट जमीनदारांची होती: गाव सोडलं म्हणून नव्हे तर गाव मिळालं म्हणून नाव. आपला हर्टबर्नकर त्यातला. पहिल्या वाटेचं आडनाव सांगतं 'मी कुठून निघालो', दुसऱ्या वाटेचं सांगतं 'माझ्या ताब्यात काय आहे'. शब्द तोच, मिजास वेगळी.

आणि गावकूस, 'कुंपण' डोक्यात बसलं. धन्यवाद.

वहीतला_बाण
इंग्लंडात दुसरंही वॉशिंग्टन आहे ना, ससेक्समध्ये? मग आडनाव तिथलं नसेल कशावरून?

उंबरठा
आहे. दक्षिणेला, टेकड्यांच्या पायथ्याशी. त्याची नोंद तर आमच्यापेक्षा जुनी, दहाव्या शतकातली, आणि 1086 च्या मोजणीतही ते आहे. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ वेगळं. तिथला मूळपुरुष वासा, आमचा ह्वासा. दोन वेगळे गृहस्थ, हजार वर्षांच्या बोलण्यात घासून नाव एकच झालं. त्यामुळे इंग्लंडातला एखादा वॉशिंग्टन ससेक्सवाल्या गावाचाही असू शकेल. जॉर्जचं घराणं मात्र आमच्याकडचंच. आपल्याकडे वडगावकर भेटला की 'कोणतं वडगाव?' विचारावंच लागतं, त्यातला प्रकार.

जुना_कोट
लेख छान, पण शेवटी एवढं गूढ कशाला? गुलामांना मालकाचं नाव लागायचं. वॉशिंग्टनकडे गुलाम होते, त्यांचे वंशज वॉशिंग्टन झाले. संपलं. उगाच रोमँटिक करू नये.

उंबरठा
@जुना_कोट, मलाही दोन महिन्यांपूर्वी असंच वाटत होतं. हिशेब जुळत नाही.

जॉर्ज 11 वर्षांचा असताना वडील गेले आणि वारशात 10 गुलाम माणसं त्याच्या नावावर आली. 1799 मध्ये तो वारला तेव्हा माउंट व्हर्नॉन या त्याच्या इस्टेटीवर 317 गुलाम होते. त्यातले सव्वाशेच्या आसपास त्याच्या मालकीचे, काही शेजाऱ्याकडून भाड्याने घेतलेले, उरलेले त्याच्या बायकोच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीचे. मृत्युपत्रात त्याने स्वतःचे तेवढे मुक्त केले, तेही बायकोच्या मरणानंतर. तिने थांबायचं नाही असं ठरवून 1 जानेवारी 1801 लाच त्यांना सोडलं. जे सुटले आणि जे राहिले, त्यांच्यात आडनावं कोणती? ली, ब्रॅनहॅम, अशी. वॉशिंग्टन लावणारे अगदी मोजके. एवढ्याशा माणसांतून दीड-पावणेदोन लाख निघत नाहीत. जॉर्जच्या भाऊबंदांकडेही गुलाम होते, तो आकडा धरला तरी पुरत नाही.

त्या मोजक्यांतला एक मात्र विसरता येत नाही. हॅरी वॉशिंग्टन. आफ्रिकेत जन्मलेला, 1763 च्या सुमारास जॉर्जने विकत घेतलेला. 1776 मध्ये, म्हणजे मालक स्वातंत्र्यासाठी लढत होता तेव्हा, हा पळून इंग्रजांना जाऊन मिळाला. 1783 मध्ये इंग्रजांनी न्यूयॉर्क सोडताना सोबत नेलेल्या कृष्णवर्णीयांची नोंदवही केली, त्यात तो आहे: वय 43, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता, सात वर्षांपूर्वी सोडून आला. तिथून कॅनडातला नोव्हा स्कोशिया, 1792 मध्ये सिएरा लिओन. 1800 साली वसाहत चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध तिथे बंड झालं, त्यात हा होता, तडीपार झाला. कराविरुद्ध एक वॉशिंग्टन लढला त्याचा देश झाला. दुसरा लढला त्याला हद्दपारी. पण नाव त्याने टाकलं नाही.

टेक्सासची_सून
पहिल्यांदाच लिहितेय, इतकी वर्षं नुसती वाचक होते. माझ्या ऑफिसात एक वॉशिंग्टन आडनावाची सहकारी आहे. वयाने मोठी, मी तिला मनातल्या मनात ताईच म्हणते. तिने आपल्या घराण्याचा शोध घेतलाय, तो तिने मला जेवणाच्या सुट्टीत संगणकावर दाखवला होता.

1870 च्या जनगणनेत तिचे खापरपणजोबा सापडतात. नाव, आडनाव, वय, बायको, पाच मुलं, धंदा शेतमजुरी, लिहिता येत नाही यापुढे खूण. ती ओळ तिने मोठी करून दाखवली, तिरक्या शाईच्या अक्षरात 'वॉशिंग्टन'. मग मी विचारलं, 1860 मध्ये? तिने दुसरं पान उघडलं. 1850 आणि 1860 ला गुलामांची वेगळी यादी असायची. डाव्या बाजूला मालकाचं नाव, त्याच्याखाली ओळीने: 1, पुरुष, वय 34, काळा. 1, स्त्री, वय 30. 1, पुरुष, वय 8. नाव कोणाचंच नाही. ती म्हणाली, यातला 34 चा पुरुष तेच असतील असं मी धरून चालते. आणि त्या मालकाचं आडनाव वॉशिंग्टन नव्हतं, काही भलतंच होतं.

मी तिला म्हटलं, मूळ गाव इंग्लंडात आहे, माहीत आहे का? तिला माहीत होतं. म्हणाली, "तिकडे जाऊन मी काय बघू? माझं गाव लुइझियानात आहे, तिथे आजीचं घर होतं."

थंड_चहा
रात्री वाचायचं म्हणून ठेवलं होतं, आता ऑफिसात वाचतोय. ती '1, पुरुष, वय 8' ची ओळ. बस.

दगडफूल
@टेक्सासची_सून, लिहित्या राहा हो.

कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टनचं कोणी बोललं नाही अजून. जन्म 1856, व्हर्जिनियात, गुलामीतच. मुक्तीनंतर शाळेत गेला तेव्हा हजेरी सुरू झाली. बाकी पोरं दोन-दोन नावं सांगतायत, याच्याकडे एकच: बुकर. आपला नंबर येईपर्यंत त्याने ठरवलं आणि मास्तरांनी विचारल्यावर जन्मभर तेच नाव असल्यासारखं शांतपणे सांगून टाकलं, बुकर वॉशिंग्टन. हे त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. त्याच्या सावत्र वडिलांचं नाव वॉशिंग्टन फर्ग्युसन, तेव्हा शब्द घरातलाच होता. म्हणजे मालकाचं आडनाव नाही, बापाचं पहिलं नाव. हा मार्ग बऱ्याच जणांचा असणार, कारण वॉशिंग्टन हे पाळण्यातलं नाव म्हणून तेव्हा गोऱ्याकाळ्यांत सगळीकडे ठेवत. नंतर कळलं की आईने जन्मतःच टालियाफेरो असंही नाव ठेवलं होतं, ते त्याने मध्ये घातलं. तोच 'टी'.

तो आणखी एक मजेदार गोष्ट सांगतो. मुक्त झालेली माणसं नावात मध्येच एक अक्षर घालायची. जॉन हॅचर होता तो जॉन एस. लिंकन झाला. 'एस' म्हणजे काय? काही नाही. तो नावाचा थाट. त्याला ते 'एन्टायटल्स' म्हणत.

शाळेच्या हजेरीपटावर नाव घडणं आपल्यालाही नवं नाही. सकपाळांचा मुलगा, वडिलांनी मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून आंबडवेकर लिहवलं, आणि शाळेत मास्तरांच्या मायेने त्याचं आंबेडकर झालं. गावावरूनच आडनाव, पण ते गाव वतन मिळालेल्या जमीनदाराचं नव्हे. उंबरठा, तुमच्या दोन वाटांत ही तिसरी घाला: जातीची खूण दिसू नये म्हणून घेतलेलं गाव.

जुना_कोट
ठीक, मालकाचं नाव हे एकमेव कारण नाही, मान्य. पण मग उत्तर काय? आदर्श पुरुष म्हणून निवडलं असेल तर लिंकन हवं होतं. मुक्ती त्याने दिली. लिंकन आडनावाचे कृष्णवर्णीय किती आहेत?

उंबरठा
हा खरा प्रश्न. वॉशिंग्टन-जेफरसनच्या मानाने फारच कमी. लिंकन आडनाव आजही बहुतांशी गोऱ्यांचंच.

माझं मत इथूनच तयार झालं. 1865 ला बेड्या तुटल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळे आडनावं शोधत बसले, असं झालंच नाही. अनेकांकडे आडनावं आधीपासून होती, पिढ्यान्पिढ्या, फक्त मालकाच्या वहीत नव्हती. आपसांत वापरायची, गोऱ्यांपुढे काढायची नाहीत. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, पोरं विकली गेलेली. अशात कोण कोणाचं हे लक्षात ठेवायला दुसरं काय होतं? 1865 ला ती वर आली आणि 1870 ला सरकारी शाईत उतरली. मग ती ज्या काळात घेतली गेली तेव्हा लिंकनला इलिनॉयबाहेर कोण ओळखत होतं? 1790 पासून 1850 पर्यंत देशभर एकच नाव घुमत होतं, जनरल वॉशिंग्टन. शिवाय व्हर्जिनिया-मेरिलंडच्या पट्ट्यातूनच लाखो गुलाम पुढे खाली कापसाच्या राज्यांत विकले गेले. ते नाव घेऊन गेले असणार. टेक्सासच्या ताईंनी सांगितलेलं लुइझियाना यात बसतं.

सगळं एका कारणात कोंबू नये एवढंच म्हणतो. काहींचा मालक वॉशिंग्टन, काहींचा बाप वॉशिंग्टन, काहींनी रुबाबात उचललं. जनगणना हे तिन्ही एकाच रकान्यात मोजते.

मांडवीकाठी
गोंयांत हें नवें न्हय! सोळाव्या शतकात बाप्तिस्मा घेतला की पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. सख्ख्या भावांना वेगवेगळी आडनावं पडल्याचे दाखले आहेत. माझ्या शेजारी फर्नांडिस राहतात, त्यांचा पोर्तुगालातल्या कुठल्याही फर्नांडोशी सुतराम संबंध नाही. मूळ गावकारीचं नाव घरात अजून ठाऊक आहे, फक्त कागदावर नाही. वर उंबरठा जे 'मालकाच्या वहीत नसलेलं आडनाव' म्हणाले ते वाचून हेच आठवलं.

क्रीजबाहेर
एवढे प्रतिसाद झाले आणि वॉशिंग्टन सुंदर कोणाला आठवू नये? ऑक्टोबर 2024, गहुंजे, न्यूझीलंड, 59 धावांत 7 बळी. मी तिथे उन्हात बसलो होतो. मागचा एकजण सारखा विचारत होता, "तमिळ पोराचं नाव वॉशिंग्टन कसं काय?" तर चेन्नईत त्यांच्या घराजवळ पी. डी. वॉशिंग्टन नावाचे निवृत्त लष्करी गृहस्थ राहायचे. त्यांनी सुंदरच्या वडिलांची शाळेची फी भरली, गणवेश घेतले, क्रिकेटवर लक्ष ठेवलं. 1999 मध्ये ते गेले आणि थोड्याच दिवसांत पोरगा जन्मला. बापाने ते नाव त्याला ठेवलं. ना जॉर्ज, ना अमेरिका.

चिंचगूळ
तो सामना आपण हरलो, ते का नाही सांगत?

क्रीजबाहेर
विषयाला धरून बोला.

वहीतला_बाण
अमेरिकेचा झेंडा वॉशिंग्टन घराण्याच्या चिन्हावरून आला म्हणतात ते खरं का?

उंबरठा
घराण्याचं चिन्ह पांढऱ्या ढालीवर दोन तांबड्या आडव्या पट्ट्या आणि वर तीन तांबड्या चांदण्या. सेल्बीच्या चर्चमध्ये एका खिडकीच्या रंगीत काचेत ते आहे, चौदाव्या शतकातलं. मी पाहून आलो, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. देशाच्या झेंड्याशी जोडणारा कागद कोणाकडे नाही, ती आख्यायिका समजा. राजधानीच्या झेंड्यावर मात्र तेच चिन्ह आहे जसंच्या तसं, 1938 पासून. म्हणजे ज्या शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती कित्येक दशकं निम्म्याहून जास्त होती, त्या शहरावर हर्टबर्नकरांची ढाल.

गावकूस
आपल्याकडचा एक धागा जोडून मी थांबतो. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी शिवाजी महाराज आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रं वाचली असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पण 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा अर्पणपत्रिका वॉशिंग्टनला नाही. ती आहे गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून 1873 मध्ये! टेक्सासताईंच्या सहकारीचे खापरपणजोबा पहिल्यांदा नावानिशी कागदावर आले त्यानंतर तीनच वर्षांनी.

दगडफूल
हे दोन साल असे शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

टेक्सासची_सून
काल जेवणाच्या सुट्टीत हा धागा तिला वाचून दाखवला, जमेल तसं भाषांतर करत. हर्टबर्नला ती खूप हसली. म्हणाली, मिसेस हार्टबर्न म्हणून आयुष्य काढावं लागलं असतं. मग हॅरीचं नाव लिहून घेतलं. आणि विचारलं की तो ओल्ड हॉल वाचवणारा मास्तर कोण, त्याचं आडनाव काय. मी म्हटलं हिल. टेकडी. तर म्हणे, "बघ, त्याच्याकडे गावसुद्धा नाही."

उंबरठा
हिलवर मी कधी विचारच केला नव्हता. बरोबर आहे, टेकडीपाशी राहणारा तो हिल, कोणती टेकडी ते सांगायचीही गरज नाही.

त्यांना सांगा, त्या आल्या तर कमानी मी दाखवीन. आणि जाता जाता: या वर्षी चुलतभावाला पोस्टकोड व्हॉट्सॲपवर मोठ्या अक्षरांत पाठवलाय. त्याचं उत्तर आलं, "देश कोणता टाकू?"